अपील चालू असतानाच निर्णय पुन्हा पुन्हा बदलला जात असेल, तर काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण इंग्लंडमध्ये राहता, सासूबाईंची आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळजी घेता, त्यासाठी केअरर्स अलाउन्स हा काळजीवाहकांचा सरकारी भत्ता घेत होता आणि त्याच काळात एका दुकानात अर्धवेळ नोकरीही करत होता. २०२१-२२ या वर्षात आपली कमाई मर्यादेबाहेर गेली असे सांगून डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सने (पुढे ‘विभाग’) प्रथम ५२ आठवड्यांचे ३,५१५.२० पौंड परत मागितले. मँडेटरी रिकन्सिडरेशनमध्ये, म्हणजे अपिलाआधी विभागाने करायच्या फेरविचारात, हा आकडा कायम राहिला. आपण ट्रायब्युनलकडे अपील केल्यावर तो ३१ आठवड्यांवर, म्हणजे २,०९५.६० पौंडांवर आला आणि अपील लॅप्स झाल्याचे, म्हणजे सुनावणीविनाच संपल्याचे, पत्र मिळाले. आपण दुसऱ्यांदा अपील केले, तेव्हा तिसऱ्या निर्णयाने वसुली वाढवून ३८ आठवडे आणि २,५६८.८० पौंड केली, आणि याही वेळी अपील लॅप्स झाल्याचे कळवले. दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या चौथ्या पत्रात २७ आठवडे आणि १,८२५.२० पौंड असा आकडा आहे. असे बदल करत राहण्याला कायद्यात काही अटकाव आहे का आणि आता नेमके काय करावे, हे आपण विचारले आहे.

आधी तातडीची गोष्ट. चौथ्या निर्णयाविरुद्धची मुदत एक महिन्याची आहे आणि तिच्यातले दोन आठवडे संपले आहेत. ‘आमचा वाद तर आधीपासूनच चालू आहे’ असे समजून अनेक जण या टप्प्यावर स्वस्थ बसतात, आणि बरोबर असलेली बाजू तिथेच हातची जाते. प्रत्येक नवा निर्णय हा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र असतो आणि त्याची मुदत स्वतंत्रपणे मोजली जाते. म्हणून पुढचे सारे वाचण्यापूर्वी चौथे पत्र काढून पाहा. त्यात थेट ट्रायब्युनलकडे अपील करता येईल असे लिहिले असेल, तर एसएससीएस१ हा अर्ज ऑनलाइन किंवा टपालाने लगेच पाठवा. आधी मँडेटरी रिकन्सिडरेशन मागा असे लिहिले असेल, तर ते लेखी मागा. पत्रात दोन्हींपैकी काहीच स्पष्ट नसेल, तर दोन्ही करा: विभागाकडे फेरविचाराची मागणी नोंदवा आणि ट्रायब्युनलकडे अपील पाठवून सोबतच्या पत्रात आधीच्या दोन अपिलांचे क्रमांक व इतिहास द्या. एखादा अर्ज अनावश्यक ठरला तर काही बिघडत नाही. एखादा राहून गेला तर मात्र बरेच बिघडते. यातूनही मुदत हुकलीच, तर उशिराच्या अपिलासाठी ट्रायब्युनल आणखी १२ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. फेरविचाराची मागणी उशिरा आली म्हणून ती विचारातच घेतली गेली नाही, तरीही ती १३ महिन्यांच्या आत केलेली असेल तर ट्रायब्युनलकडे जाण्याचा हक्क शाबूत राहतो, हे अप्पर ट्रायब्युनलने (ट्रायब्युनलच्या वरच्या अपील-न्यायमंडळाने) २०१७ मध्ये ठरवले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अपील प्रलंबित असताना निर्णय बदलण्याचा अधिकार डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सला आहे, आणि हे बदल किती वेळा करावेत याला कायद्याने संख्येची मर्यादा घातलेली नाही. सोशल सिक्युरिटी ॲक्ट १९९८ च्या कलम ९ खाली निर्णयाचे रिव्हिजन (आधीच्याच निर्णयात फेरबदल) होते आणि याच कलमाच्या पोटकलम ६ मध्ये म्हटले आहे की अपिलाचा निकाल लागण्यापूर्वी निर्णयाचे रिव्हिजन झाले तर अपील लॅप्स होते. मात्र त्याला अपवाद आहे आणि आपले प्रकरण त्या अपवादावरच उभे आहे. केअरर्स अलाउन्ससारख्या जुन्या चौकटीतल्या लाभांना लागू असलेल्या १९९९ च्या डिसिजन्स अँड अपील्स नियमावलीतील नियम ३० सांगतो की बदललेला निर्णय अपीलकर्त्याला आधीच्या निर्णयापेक्षा अधिक फायद्याचा नसेल, तर अपील लॅप्स होत नाही. ते बदललेल्या निर्णयाविरुद्ध केले आहे असे मानून पुढे चालू राहते आणि अपीलकर्त्याला नव्याने म्हणणे मांडण्यासाठी एक महिना मिळतो. अधिक फायद्याचा निर्णय कोणता, याची उदाहरणेही याच नियमात दिली आहेत आणि वसूल करण्याची रक्कम कमी होणे हे त्यांतले एक आहे.

हा नियम आपल्या चार पत्रांना लावून पाहा. दुसऱ्या निर्णयाने रक्कम ३,५१५.२० वरून २,०९५.६० पौंडांवर आणली, त्यामुळे पहिले अपील लॅप्स झाले हे बरोबर होते, ते आपल्याला कितीही अन्यायाचे वाटले तरी. तिसऱ्या निर्णयाने मात्र रक्कम वाढवली. तो आपल्याला अधिक फायद्याचा होता असे कोणत्याही अर्थाने म्हणता येणार नाही, म्हणून दुसरे अपील लॅप्स झालेच नाही. ते तिसऱ्या निर्णयाविरुद्ध जिवंत राहिले आणि ते संपल्याचे आपल्याला कळवणे ही चूक होती. चौथ्या निर्णयाने पुन्हा रक्कम खाली आणली, त्यामुळे तो कलम ९ खालचा खरोखरचा रिव्हिजन असेल तर मधल्या काळात जिवंत असलेले दुसरे अपील आता लॅप्स होते, आणि म्हणूनच नवे अपील आवश्यक आहे. तरीसुद्धा तिसऱ्या टप्प्यावरची चूक ट्रायब्युनलच्या नजरेस आणून देणे महत्त्वाचे आहे. त्या चुकीमुळे आपली सुनावणी लांबली. शिवाय, प्रकरण कोणत्या अधिकाराखाली हाताळले जात आहे याचे भान सुटले आहे, हे तिच्यातून दिसते.

इथे एक गोष्ट लोकांना सहसा ठाऊक नसते. अपील लॅप्स झाले की नाही, हा कायद्याचा प्रश्न आहे आणि त्यावर शेवटचा शब्द ट्रायब्युनलचा असतो. विभागाने ‘लॅप्स झाले’ असे लिहिले म्हणजे ते झाले असे नाही. लॅप्सचे पत्र आले की ट्रायब्युनलला तत्काळ लिहावे: ‘नवा निर्णय मला अधिक फायद्याचा नाही, म्हणून नियम ३० प्रमाणे माझे अपील चालू आहे, हा प्रश्न न्यायाधीशांसमोर ठेवावा.’ अपील ऐकण्याचा अधिकारच उरला नाही असे ट्रायब्युनलचे मत झाले, तरी ट्रायब्युनलच्या २००८ च्या कार्यपद्धती नियमांतील नियम ८ प्रमाणे अपील काढून टाकण्यापूर्वी आपल्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. बदल कोणत्या कलमाखाली झाला, हेही पाहावे लागते. कलम ९ खालच्या रिव्हिजनने अपील लॅप्स होऊ शकते. कलम १० खालच्या सुपरसेशनने (जुन्या निर्णयाची जागा घेणाऱ्या नव्या निर्णयाने) होत नाही. पत्रात ‘आम्ही आपला निर्णय बदलला आहे’ एवढेच लिहिलेले असते आणि कलम कुठेच नमूद नसते, अशी पत्रे मी नेहमी पाहतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या आधारावर?

याहूनही मोठा मुद्दा आठवड्यांचा आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रकरणात सर्वाधिक वजन त्याला आहे. केअरर्स अलाउन्सच्या जादा रकमेमागे, म्हणजे पात्रता नसताना दिल्या गेलेल्या पैशांमागे, नेहमी दोन निर्णय असतात. एक पात्रतेचा, म्हणजे अमुक आठवड्यांत आपण लाभाला पात्र नव्हता असा. दुसरा वसुलीचा, म्हणजे त्या आठवड्यांची रक्कम परत करावी लागेल असा. सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्ट १९९२ च्या कलम ७१ चे पोटकलम ५ए असे सांगते की ज्या निर्णयानुसार पैसे दिले गेले तो निर्णय अपिलात, रिव्हिजनने किंवा सुपरसेशनने बदललेला असल्याशिवाय ती रक्कम वसूल करता येत नाही. म्हणजे वसुलीतल्या एकूण एक आठवड्यामागे पात्रतेचा बदललेला निर्णय उभा असला पाहिजे.

आपल्या दुसऱ्या निर्णयाने ५२ पैकी २१ आठवडे सोडून दिले. ते सोडताना पात्रतेचा निर्णयही बदलून त्या २१ आठवड्यांची पात्रता परत दिली गेली असणार, किंवा निदान दिली जायला हवी होती. तिसऱ्या निर्णयाने आठवडे पुन्हा ३८ केले, म्हणजे निदान ७ आठवडे परत आत घेतले गेले. त्या ७ आठवड्यांची पात्रता पुन्हा काढून घेणारा स्वतंत्र निर्णय झाला का? कोणत्या दिवशी? कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कारणासाठी? तो आपल्याला कळवला गेला का? असा निर्णय कागदोपत्री नसेल, तर त्या आठवड्यांची वसुली पायाशिवाय उभी आहे. चौथ्या निर्णयातले २७ आठवडे कोणते आहेत, ते दुसऱ्या निर्णयातल्या ३१ मध्ये पूर्णपणे येतात की त्यांतले काही तिसऱ्या वेळी आत आलेल्यांपैकी आहेत, हे तारखांसकट तपासल्याशिवाय आपण रक्कम कमी झाल्याचा आनंद मानू नये. एकूण आकडा खाली येत असताना आतले आठवडे बदललेले असू शकतात.

यासाठी एका मोठ्या कागदावर तक्ता करावा. डाव्या बाजूला वर्षातले ५२ आठवडे, त्यांच्या सुरुवातीच्या तारखांसह. पुढे चार निर्णयांसाठी चार रकाने. आणि त्या आठवड्याची कमाई विभागाने किती धरली, पगाराच्या चिठ्ठीप्रमाणे ती किती होती, यांसाठी आणखी दोन. चार पत्रांत जे कधीच एकत्र दिसत नाही ते या एका पानावर दिसते. न्यायाधीशही अशा पानाचे मनापासून स्वागत करतात, कारण विभागाच्या शंभर पानांच्या बंडलात हेच पान नसते.

या तक्त्यातून कमाईची गणना उघडी पडते. २०२१-२२ मध्ये केअरर्स अलाउन्स आठवड्याला ६७.६० पौंड होता आणि निव्वळ कमाईची मर्यादा १२८ पौंड होती. ही मर्यादा २०२४-२५ मध्ये १५१ आणि एप्रिल २०२५ पासून १९६ पौंड झाली, परंतु आपल्याला जुनीच लागू होते. मर्यादा एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा संपूर्ण भत्ता जातो. निव्वळ कमाई काढताना कर व नॅशनल इन्शुरन्स वजा होतात, आपण भरलेल्या पेन्शनच्या वर्गणीचा निम्मा भाग वजा होतो आणि नोकरीवर असताना सासूबाईंजवळ थांबण्यासाठी जवळच्या नातेवाइकाशिवाय अन्य कोणाला पैसे दिले असतील तर तेही एका मर्यादेपर्यंत वजा होतात. पहिल्या गणनेत पेन्शनची वर्गणी विसरली गेलेली असणे ही फार वारंवार आढळणारी गोष्ट आहे.

त्यानंतर सरासरीचा प्रश्न येतो. १९९६ च्या कमाई-गणनेच्या नियमावलीतील नियम ८ प्रमाणे कमाई कमीजास्त होत असेल तर सरासरी काढता येते: कामाचे ठरावीक चक्र असेल तर त्या पूर्ण चक्रावर, नसेल तर पाच आठवड्यांवर किंवा जो कालावधी अधिक अचूक सरासरी देईल त्यावर. समजा, चार-चार आठवड्यांच्या लागोपाठच्या तीन पगारांत निव्वळ ४८०, ४८० आणि ५६८ पौंड मिळाले. प्रत्येक पगार वेगळा धरला तर तिसऱ्यात आठवड्याला १४२ पौंड पडतात आणि चार आठवड्यांचे २७०.४० पौंड परत मागितले जातात. तिन्ही एकत्र धरले तर १,५२८ भागिले १२, म्हणजे १२७.३३ पौंड, कमाई मर्यादेच्या आत राहते आणि देणे शून्य होते. परंतु तिसरा पगार ६०० असता, तर सरासरी १३० झाली असती आणि चारऐवजी बाराही आठवडे, म्हणजे ८११.२० पौंड, गेले असते. म्हणून ‘सरासरी काढा’ अशी मागणी करण्यापूर्वी वेगवेगळ्या कालावधींची आकडेमोड घरी करून पाहावी. आपली रक्कम खाली-वर का होत राहिली, याचे उत्तरही बहुधा इथेच आहे: दर वेळी नव्या अधिकाऱ्याने निराळा कालावधी निवडला असावा.

या बाबतीत अलीकडे एक महत्त्वाची घडामोड झाली आहे. सरकारने २०२४ मध्ये केअरर्स अलाउन्सच्या जादा रकमांचा स्वतंत्र आढावा लिझ सेस यांच्याकडे सोपवला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्यात, चढउतार असलेल्या कमाईची सरासरी कशी काढावी याबद्दलचे विभागाचे अंतर्गत मार्गदर्शन अनेक वर्षे सदोष होते असे निष्पन्न झाले आणि जुनी प्रकरणे पुन्हा तपासण्याचे सरकारने मान्य केले. आपले वर्ष त्या काळातले आहे. आपल्या अपिलात हे जरूर लिहा, मात्र फेरतपासणीची वाट पाहत अपील थांबवू नका. फेरतपासणीतून पाचवा निर्णय येऊ शकतो आणि तोही चुकू शकतो.

कमाई मर्यादेबाहेर होती असे सिद्ध झाले, तरी तेवढ्याने वसुली योग्य ठरत नाही. कलम ७१ खाली वसुली करायची तर आपण महत्त्वाची वस्तुस्थिती चुकीची सांगितली किंवा सांगितलीच नाही आणि त्यामुळेच जादा पैसे दिले गेले, हे विभागाने दाखवावे लागते. सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर असतो. हेतू वाईट नव्हता हा बचाव इथे चालत नाही, कारण निष्पापपणे राहून गेलेली माहितीही ‘न सांगणे’ यातच मोडते, असे कोर्ट ऑफ अपीलने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या हिंची खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की सरकारच्या एका कार्यालयाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत आहे असे लाभार्थ्याने गृहीत धरू नये. पण आपण लिहिले आहे की पगार वाढल्यावर आपण केअरर्स अलाउन्सच्या कार्यालयालाच फोन केला होता. तसे असेल तर त्या तारखेनंतरच्या आठवड्यांत ‘माहिती दिली नाही’ हा आधार टिकणे कठीण आहे. चारही निर्णयांत या फोनचा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल, तर आकड्यांवर चार वेळा विचार करूनही वसुलीच्या मूळ अटीवर एकदाही विचार झाला नाही, हे ठामपणे मांडता येईल. फोनचा पुरावा आपल्याकडे नसला तरी विभागाकडे नोंद असू शकते. डेटा संरक्षण कायद्याखाली स्वतःची सर्व माहिती मागवा. तिला सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. मागणीत फोनच्या नोंदी, ध्वनिमुद्रण, निर्णय घेताना लिहिलेली टिपणे आणि कमाईबद्दल मिळालेल्या सूचना असे शब्द घालून स्पष्ट लिहा. ‘माझी फाइल द्या’ एवढेच लिहिले तर बहुधा जुनी पत्रेच परत येतात.

आता ट्रायब्युनलकडे काय मागावे. विभागाला पुन्हा निर्णय बदलण्यास मनाई करावी असा आदेश ट्रायब्युनल देणार नाही, कारण तो अधिकार संसदेने दिलेला आहे. ती मागणी करण्यात शक्ती घालवू नये. मात्र कार्यपद्धती नियमांच्या नियम ५ खाली प्रकरण कसे चालावे याबद्दल निर्देश देण्याचा व्यापक अधिकार ट्रायब्युनलला आहे आणि प्रकरणे न्याय्यपणे, अकारण विलंब न होता हाताळणे हे नियम २ प्रमाणे त्याचे कर्तव्य आहे. एका पानाच्या अर्जात चार निर्णयांचा इतिहास सांगून मागणी करा की विभागाने ठरावीक तारखेपर्यंत एक एकत्रित निवेदन द्यावे. त्यात पात्रतेचा आणि वसुलीचा प्रत्येक निर्णय, त्याची तारीख, त्याचे कलम व कारण, त्यात धरलेले आठवडे, प्रत्येक आठवड्याची कमाई, सरासरीची पद्धत आणि मागच्या निर्णयापासून फरक का पडला याचा खुलासा असावा. नियम २४ प्रमाणे विभागाच्या उत्तरासोबत निर्णयाची लेखी नोंद आणि प्रकरणाशी संबंधित कागदपत्रे यायलाच हवीत. आपल्या प्रकरणात ती चारही निर्णयांची हवीत, केवळ शेवटच्या नव्हेत. सुनावणीची तारीख लवकर द्यावी आणि शक्य असल्यास पुढची सर्व पत्रे एकाच न्यायाधीशांसमोर जावीत, हेही लिहा. निर्देश पाळले गेले नाहीत तर विभागाला कार्यवाहीत पुढे भाग घेण्यापासून रोखण्याचा अधिकार नियम ८ मध्ये आहे. तो क्वचित वापरला जातो, पण निर्देशाच्या पत्रात त्याचा उल्लेख आला की उत्तरे वेळेवर येऊ लागतात.

निर्णय इतके विसंगत असतील तर ते मुळातच अवैध नाहीत का, असेही आपण विचारले आहे. सोशल सिक्युरिटी कमिशनर्सच्या (अप्पर ट्रायब्युनलच्या आधीच्या अपील-न्यायाधीशांच्या) आरआयबी २/०४ या निर्णयानुसार, विभागाच्या निर्णयात कलम किंवा कारण चुकले असेल तर ते दुरुस्त करून योग्य निर्णय देण्याचा अधिकार बहुतेक वेळा ट्रायब्युनलला असतो. एखाद्या निर्णयात काहीच सुसंगती नसेल आणि कायद्यातल्या अधिकाराशी त्याचे नातेच लागत नसेल, तर त्याला निर्णय म्हणता येणार नाही, ही शक्यताही त्यातच मान्य केली आहे. हा युक्तिवाद मांडावा, पण दुय्यम म्हणून. केवळ त्यावर विसंबू नये, कारण बरेच न्यायाधीश दुरुस्तीचा मार्ग घेतात. आणि ट्रायब्युनलला दुरुस्तीचा अधिकार आहे याचा अर्थ, ते आठवडे वाढवूही शकते. म्हणून नंतरच्या निर्णयांत वगळल्या गेलेल्या आठवड्यांचीही आकडेमोड आपल्याकडे तयार हवी.

मधल्या काळात विभागाकडून फोन येऊ शकतो: रक्कम आणखी कमी करतो, अपील मागे घ्या. त्या फोनवर हो किंवा नाही काहीच सांगू नका. प्रस्ताव लेखी मागा आणि तक्त्याशी ताडून पाहा. खरोखर मान्य होण्याजोगा असेल तर दोन्ही पक्षांच्या संमतीने नियम ३२ खाली ट्रायब्युनलकडून संमती-आदेश मागता येतो, आणि मी सहसा तोच सल्ला देतो. ट्रायब्युनलचा निर्णय १९९८ च्या ॲक्टच्या कलम १७ प्रमाणे अंतिम मानला जातो. तो विभागाला आपल्या स्वतःच्या निर्णयासारखा सहज बदलता येत नाही, त्याला अप्पर ट्रायब्युनलमध्ये आव्हान द्यावे लागते किंवा सुपरसेशनचे मर्यादित आधार दाखवावे लागतात. आपल्याला हवे आहे ते हेच, म्हणजे रक्कम कमी होण्याबरोबर ती पुन्हा हलणार नाही अशी निश्चिती. त्यामुळे केवळ आकडा लहान झाला म्हणून प्रकरण ट्रायब्युनलपर्यंत जाण्याआधी सोडून देऊ नका.

वसुली चालू असेल तर विभागाच्या डेट मॅनेजमेंट (वसुली) शाखेला अपिलाचा क्रमांक देऊन, निकालापर्यंत हप्ते थांबवावेत असे लेखी कळवा. ५० पौंडांचा दिवाणी दंडही (सिव्हिल पेनल्टी) लावला गेला असेल, तर तो निष्काळजीपणाच्या किंवा वाजवी कारणाशिवाय माहिती न दिल्याच्या आरोपावर आधारलेला स्वतंत्र निर्णय आहे आणि त्यालाही स्वतंत्र आव्हान द्यावे लागते. वसुलीविरुद्धच्या अपिलात तो आपोआप येत नाही.

युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा एकत्रित लाभ) घेणाऱ्या वाचकांनी मात्र सावध राहावे. तिथे निर्णय-बदलाच्या प्रश्नाला २०१३ च्या नियमावलीतला नियम ५२ लागू होतो आणि लॅप्स होण्याचे तत्त्व तेच आहे. पण वसुलीचा आधार १९९२ च्या ॲक्टचे कलम ७१झेडबी आहे, ज्याखाली चूक संपूर्णपणे विभागाची असली तरी रक्कम वसूल करता येते. ‘मी कळवले होते’ हे उत्तर ट्रायब्युनलसमोर उपयोगी पडत नाही. तिथे भांडायचे ते रकमेवर आणि पात्रतेवर. चूक त्यांची होती हा मुद्दा वसुली माफ करण्याच्या अर्जात मांडायचा असतो आणि तो अर्ज चुकीच्या पद्धतीने नाकारला गेला तर उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकन मागता येते. स्कॉटलंडमध्ये केअरर्स अलाउन्सची जागा केअरर सपोर्ट पेमेंटने घेतली आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

विलंब आणि मनस्ताप यांबद्दलची तक्रार अपिलात मिसळू नका, कारण ट्रायब्युनल त्यासाठी भरपाई देऊ शकत नाही. ती विभागाच्या तक्रार-प्रक्रियेतून इंडिपेंडंट केस एक्झामिनर या स्वतंत्र तक्रार-तपासनिसाकडे आणि त्यानंतर खासदारांमार्फत पार्लमेंटरी ओम्बड्समनकडे (संसदीय लोकपालाकडे) नेता येते. अपील जिवंत असताना ते मेल्याचे आपल्याला कळवले गेले, हा त्या तक्रारीचा गाभा असावा. आपल्या खासदारांच्या कार्यालयाला आताच तक्ता आणि चार पत्रांच्या प्रती देऊन ठेवणेही चांगले. आपली बाजू मांडणारा प्रतिनिधी मिळवण्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस ही सल्ला-संस्था किंवा जवळच्या लॉ सेंटरकडे (मोफत कायदा-सल्ला केंद्राकडे) जा. २०१३ पासून या पहिल्या टप्प्यावरच्या लाभ-अपिलांसाठी लीगल एड (सरकारी खर्चाने वकिली मदत) सर्वसाधारणपणे मिळत नाही, पण ही केंद्रे शुल्क घेत नाहीत.

शेवटी अपिलाच्या अर्जातल्या दोन चौकटींची बाब. सुनावणी प्रत्यक्ष हवी असे लिहा. कागदांवरून निकाल द्यावा असे लिहू नका, कारण फोनचा मुद्दा आपल्या तोंडून ऐकल्यावरच विश्वासार्हता ठरते. आणि इंग्रजी येत असले तरी आकडे व तारखांवर उलटतपासणीसारखे प्रश्न आले की गडबड होण्याची भीती वाटत असेल, तर मराठी दुभाष्याची मागणी याच अर्जात करा. दुभाषी ट्रायब्युनल स्वतः नेमते आणि त्याचा खर्च आपल्यावर पडत नाही.